विहिरीचा तळ

"पण हा आजार उलटणार नाही, हे मला सांगणार कोण?"

हेमांगीचा हाच प्रश्न शहरातल्या डॉक्टरांना विचारून झाला होता. आता ती गावच्या पायऱ्यांच्या विहिरीवर बसून द्वारकाक्कांना विचारत होती. गावातल्या सगळ्या पोरींना पोहायला शिकवलं ते या आक्कांनीच. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या.

"मला काय विचारतेस, बाई? मी काय डॉक्टर आहे?"

"नुसता धीर देऊ नका, आक्का. तो सगळेच देतात. मला खरं उत्तर हवंय."

"मला माहीत नाही. हे खरं उत्तर."

हेमांगी म्हणजे पोहण्यात जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, तिला असली उत्तरं चालायची नाहीत.

स्तनाचा कॅन्सर. डावा स्तन काढला, औषधं झाली, केसही परत आले. आता अधूनमधून तपासणी, एवढंच. पण दोन तपासण्यांच्या मधलं जगणंच ती विसरून गेली होती. सुट्टीत कुठे जायचं, असं लेकीने विचारलं, की हिचं ठरलेलं, "रिपोर्ट आल्यावर बघू." शेवटी लेकीने विचारायचंच सोडलं. ते मात्र तिला फार लागलं.

"आक्का, इथे केवढा गलका असायचा नाही?"

"कान किटायचे माझे."

पाठीला वाळका भोपळा बांधून पोरी कठड्यावर उभ्या राहायच्या. कुणी किंचाळतंय, कुणी नाक दाबून उडी मारतंय. ओठ निळे पडेपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. मग उन्हात बसून तिखटमीठ लावलेली कैरी, आणि पाठीवर टपटपणाऱ्या ओल्या वेण्या. घरी जाऊन बोलणी खायची ती वेगळीच. काय दिवस होते ते!

"तेव्हा मला कशाची म्हणून भीती वाटायची नाही."

"चल, थापा मारू नकोस. पहिल्या दिवशी माझ्या हाताला चावली होतीस."

हेमांगी खळखळून हसली. हसता हसताच तिचा बांध फुटला... आक्कांनी तिला पोटभर रडू दिलं.

"पोहतेस?"

"आता? इथे?"

"मग काय परातीत? डॉक्टर नको म्हणालेत?"

"नाही, हो म्हणालेत. मलाच धीर होत नाही."

तरी ती उठली. पाण्यालगतच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पाणी काळंशार होतं. तिने वाकून पाहिलं. काही दिसलं नाही.

"आक्का, खोल किती असेल हो?"

"कुणास ठाऊक."

"कुणास ठाऊक काय? अख्खा जन्म इथे गेला तुमचा!"

"गेला ना. पण तळ नाही बघितला कधी."

"आणि आम्हा चिमुरड्यांना खुशाल सोडायचात यात?"

आक्का उठल्या. त्यांनी पदर खोचला, कठड्याला धरून सावकाश एकेक पायरी उतरल्या, हेमांगीच्या शेजारून पुढे गेल्या आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. मधोमध जाऊन वळल्या. पांढरे केस कपाळाला चिकटले होते, धाप लागली होती, पण चेहरा असा खुलला होता की हेमांगी बघतच राहिली.

"आक्का..."

"पोहायला वरचं हातभर पाणी लागतं, हेमे. खालचं राहू दे खाली."