खरवडलेली कल्हई

एकदा एका वृद्ध पाळकांनी सुगीच्या सणाच्या दिवशी, भर उपासनेत, तीनशे माणसांच्या डोळ्यांदेखत, चर्चच्या मंडळीच्या पातेल्याची नवीकोरी कल्हई विटेच्या तुकड्याने खरवडून काढली. गावात आजही कुणी म्हणते म्हाताऱ्याचे डोके फिरले होते, कुणी म्हणते त्यांना ऊन लागले होते. ते बसले होते चर्चच्या छपराखाली. पण एवढा विचार करून बोलायचे ठरवले, तर गावात बोलणेच बंद पडेल.

या पाळकांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत दोन वर्षे शिकून तो प्रत्यक्ष काम पाहायला त्यांच्याकडे आला होता. मुलगा सज्जन, अक्षर सुरेख, आणि जगातली प्रत्येक गोष्ट पाच मुद्द्यांत बसते अशी त्याची श्रद्धा होती. सेमिनरीने त्याला प्रवचन करायला शिकवले होते. ऐकायला शिकवायचे आबांवर सोडले होते.

त्याच मंडळीत गेनू नावाचा एक कल्हईवाला होता. चार वर्षांपूर्वी तो मंडळीत नव्हता. खरे सांगायचे तर शुद्धीतही क्वचितच असे. प्यायचा आणि बायकोला, सोजरला, मारायचा. एका दुपारी त्याने तापलेली भांडी धरायची सांडशी तिच्या कपाळावर हाणली. ती खाली पडली. रक्त पाहून तो पळाला, आणि दार उघडे दिसले म्हणून चर्चमध्ये शिरला. आत कुणी नव्हते. पुढचे त्याच्याच शब्दांत सांगितलेले बरे.

"मी भिंतीला टेकून बसलो. वाटलं, बाजूला कुणी तरी येऊन बसलंय. बघितलं तर कुणी नाही. पण बसलं होतं. त्यानं विचारलं नाही, काय करून आलास म्हणून. त्याला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून तो उठून गेला नाही. मला ओळखणारं आजवर सगळं उठूनच गेलं होतं."

शेजारी बसणाऱ्याचे नाव येशू, हे त्याला थोड्या वेळाने आत आलेल्या आबांनी सांगितले. गेनू म्हणाला, "नाव आज कळलं, आबा. ओळख मघाशीच झाली."

तिथून उठून तो आधी दवाखान्यात गेला. सोजर जिवंत असल्याचे दारातून पाहिले आणि पोलीस चौकीत जाऊन आपणच कबुली दिली. झाली ती शिक्षा भोगली. बाटलीला पुन्हा हात लावला नाही. सोजर दीड वर्ष भावाकडे राहिली. मग एक दिवस न सांगता गावात आली, शेजारणीच्या घरी राहून आठ दिवस त्याला लांबून पारखले आणि नवव्या दिवशी आपल्या घरात शिरून चुलीपुढे बसली. कुणी समजूत घातली नव्हती, कुणी आणाभाका घेतल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मंडळीला एक कमिटी होती.

त्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणी तरी साक्ष देई. म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सांगे. गेनूने पहिल्यांदा साक्ष दिली ती वर लिहिली आहे तेवढीच. लोकांनी ती शांतपणे ऐकली. मात्र जेवणाच्या पंगतीत अर्ध्या भाकरीवरच ताट काढून घ्यावे, तसे अनेकांना वाटले. कमिटीचे सेक्रेटरी भिंगारदिवे मास्तर उपासनेनंतर गेनूला बाजूला घेऊन म्हणाले, "छान झालं. फक्त ते शेजारी बसला, बसला, ते आटोपतं घे. सांडशीचं नीट येऊ दे. लोकांना चित्र दिसायला पाहिजे."

गेनूला वाटले, मास्तर शिकलेले आहेत, त्यांना कळत असेल. पुढच्या खेपेला सांडशी नीट आली. त्याच्या पुढच्या खेपेला रक्त आले. मग मास्तरांना आणखी सुचले आणि ऐन रंगात आल्यावर ते म्हणू लागले, "सोजरबाई, जरा उभ्या राहा." सोजरबाई उभी राही. मागच्या बाकांवरची माणसे कपाळावरचा व्रण दिसावा म्हणून माना उंच करीत. बायका "अगं बाई" म्हणत. मग सगळे मिळून प्रभूची स्तुती करीत आणि समाधानाने घरी जेवायला जात.

हळूहळू शेजारच्या मंडळ्यांकडून बोलावणी येऊ लागली. कुठे तमाशाचा फड बोलवावा तसे पत्र यायचे: साक्ष देणारे येतीलच, सोबत पत्नीसही आणावे. चार वर्षे ज्या माणसाने आवाजसुद्धा चढवला नाही, तो दर महिन्याला माणसांच्या समोर तीच सांडशी उचलत होता. आम्हा सज्जन लोकांना पापी माणूस फार आवडतो, पण तो पापी असेपर्यंतच. तो सुधारला की आमची पंचाईत होते. आता त्याच्याकडे वरून खाली बघायचे कसे? मग आम्ही त्याला हार घालून व्यासपीठावर बोलावतो आणि म्हणतो, बाबा रे, पूर्वी किती वाईट होतास ते पुन्हा एकदा सांग पाहू.

त्या वर्षी सुगीच्या सणाला तीन जिल्ह्यांतून पाहुणे येणार होते. कमिटीने ठराव केला की गेनूची साक्ष व्हावी, आणि ती लिहून काढण्याचे काम शिष्याकडे दिले. शिष्याने मन लावून पाच मुद्दे काढले. पहिले चार गेनूच्या पापांचे होते. पाचवा प्रभूचा होता, वेळ उरल्यास.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर बसून मेथी निवडत होते आणि शिष्य त्यांना मुद्दे वाचून दाखवत होता. तेवढ्यात सोजर आली. पायरीशीच उभी राहिली.

"आबा, चार वर्षं झाली. घरात ह्या माणसानं मला बोट लावलं नाही. पण महिन्याच्या महिन्याला चर्चमध्ये मला मार बसतोय."

आबांचे हात थांबले.

शिष्य समजुतीने म्हणाला, "पण सोजरबाई, त्यातून प्रभूचा महिमा प्रकट होतो."

"तुमच्या कपाळावर आहे का खूण? नाही ना? मग मी देते एक, आणि तुम्ही राहा उभे."

शिष्याने कागदाची घडी केली.

"सोजर, गेनू काय म्हणतो?" आबांनी विचारले.

"तो काय म्हणणार? म्हणतो, केलंय तर सांगायला लाज कशाची, मंडळी म्हणते त्यात देवाचं नाव होतं. सांगून आला की दोन दिवस जेवत नाही. आबा, मी माणसाला माफ करून घरात घेतलंय. ही मंडळी त्याला रोज बाहेर ओढून जुना करून परत पाठवते. उद्या मला उभं केलं, तर मी तशीच दारातून भावाकडं जाणार. परत यायची नाही. आणि मी गेले तर तो किती दिवस टिकेल ते तुम्हीच बघा."

ती गेली. आबा मेथी तशीच टाकून भिंगारदिवे मास्तरांकडे गेले. मास्तरांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं रास्त आहे, आबा. पण ठराव झालाय. कार्यक्रमपत्रिका छापून झालीय. फेरविचार करायचा तर तीन चतुर्थांश सभासद लागतात, आणि त्यातले दोघे सासुरवाडीला गेलेत."

"म्हणजे प्रभूने माणूस नवा करायला कमिटीची मंजुरी लागली नाही, पण तो तसाच राहू द्यायला लागते?"

"तसं नाही हो. पण पद्धत म्हणून काही असतं."

आबा परतले.

सणाच्या दिवशी लोकांनी रिवाजाप्रमाणे आपापल्या कामाचे पहिले फळ आणून वेदीपुढे मांडले. ज्वारीची कणसे होती, भोपळे होते, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या मधूनमधून स्तोत्रात भाग घेत होत्या. गेनूकडे शेत नव्हते. त्याने मंडळीचे पंगतीचे मोठे पितळी पातेले आदल्या दिवशी कल्हई करून आणून ठेवले होते. आतून ते चांदीसारखे लखलखत होते. उपासनेनंतर त्यातच तीनशे माणसांची आमटी शिजायची होती.

मास्तरांनी गेनूचे नाव पुकारले. गेनू उठला. पुढच्या बाकावर सोजरने पदर कपाळावर ओढला आणि चपला पायाने जवळ घेतल्या.

तेवढ्यात आबा खुर्चीवरून उठले. वेदीच्या पायरीवर बसले, पातेले दोन्ही गुडघ्यांत धरले, झोळीतून विटेचा तुकडा काढला आणि आतून खसाखसा घासायला लागले. तो आवाज ऐकून लोकांच्या अंगावर काटा आला. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

शिष्य धावला. "आबा! अहो, हे काय करताय? कालच कल्हई केलीय!"

"म्हणून तर घासतोय. खालचं दिसत नाही."

"खालचं कशाला दिसायला पाहिजे?"

"पाहुणे लांबून आलेत. पातेलं आधी कसं होतं ते त्यांना कळायला नको?"

स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या रूथमावशी मागून ओरडल्या, "अहो आबा, उघड्या पितळेत आमटी कळकेल ना! तीनशे माणसं आजारी पडतील!"

"पडू द्या. चित्र तर दिसेल."

भिंगारदिवे मास्तर घाईने पुढे आले. "आबा, ही मंडळीची मालमत्ता आहे!"

"आणि हा?" आबांनी विटेचा तुकडा गेनूकडे केला. "हा कुणाची मालमत्ता आहे, मास्तर?"

मास्तरांना ठराव आठवेना.

आबा उठले नाहीत. पायरीवर बसूनच बोलले. आवाज मोठा नव्हता, पण त्यात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"इतकी वर्षं गेनू तुमच्या घरच्या भांड्यांना कल्हई करतोय. कल्हई केलेल्या पातेल्यात तुम्ही निवांत ताक ठेवता. खरवडून बघत नाही, कारण खरवडलं की ते पुन्हा विषारी होतं, एवढी अक्कल तुम्हाला भांड्याच्या बाबतीत आहे. पण प्रभूने स्वतः आगीत धरून केलेला माणूस तुम्ही दर महिन्याला खरवडता. वर म्हणता, आम्ही प्रभूचं काम बघतोय. प्रभूचं काम तुम्ही एकदाही बघितलेलं नाही. तुम्ही सांडशी बघता. येशू ह्याच्या शेजारी बसला, तेव्हा त्याने हकिकत विचारली नव्हती. तुम्हाला येशूपेक्षा जास्त माहिती कशाला पाहिजे? त्या दिवसाचा जाब विचारायचा हक्क एकाच माणसाला आहे. त्या माणसाने ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी गेनू उत्तर देईल, आणि ते ऐकायला तुमच्यापैकी कुणाला बोलावलं जाणार नाही."

ते एकदाही सोजरकडे बघून बोलले नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कुणालाही तिकडे बघता आले नाही.

गेनू पुढे आला, पातेल्यात वाकून पाहिले आणि म्हणाला, "तळ पार उघडा केलात, आबा. अर्ध्या तासाचं काम आहे. भट्टी लावतो." साक्षीसाठी उभा राहिलेला माणूस पातेले उचलून बाहेर गेला. पाठोपाठ सोजर उठली आणि त्याच दाराने बाहेर पडली. भावाच्या गावाची गाडी डावीकडून जाते. ती उजवीकडे वळली, जिथे गेनू भट्टीसाठी खड्डा साफ करत होता, आणि भात्यापाशी बसली.

शिष्य पायरीवर आबांशेजारी बसला. त्याच्या खिशात पाच मुद्दे होते आणि चेहऱ्यावर एकही नव्हता. त्याने विचारले, "आबा, एक शंका आहे. कल्हई तर वरवरची असते. नवा जन्म आतून होतो. दृष्टांत थोडा चुकत नाही का?"

"कधी कल्हई करताना पाहिलंयस?"

"नाही."

"जा, बघ. कल्हई आतूनच करतात. बाहेरून भांडं काळंच राहतं. लोक बाहेरून बघतात."

शिष्य बाहेर आला. सोजर भाता मारत होती, कोळसे फुलत होते. गेनूने तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. "जरा बेतानं टाका, डोळ्यांत जातोय," सोजर म्हणाली. "मग तोंड तिकडं कर की," गेनू म्हणाला. त्याने कथील फिरवले, कापसाचा बोळा दाबून ओढला, आणि बोळा जिथून गेला तिथे पातेले उजळत गेले. शिष्याने हे काम आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, आणि गेनूलाही.

आमटीला उशीर होणार हे कळल्यामुळे पाहुणे बाहेर घोटाळत होते. त्यांतले एक वजनदार गृहस्थ शिष्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "काय हो, बायकोच्या डोक्यात सांडशी घालणारा म्हणतात, तो हाच का? बघायचाच राहिला आमचा."

शिष्याने क्षणभर गेनूकडे पाहिले.

"तो वारला," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

"अरेरे," पाहुण्यांनी सवयीने हळहळ व्यक्त केली. "आणि मग हे कोण?"

"हे आमचे गेनूभाऊ. आणि ह्या सोजरबाई. आत बसा, आमटीला थोडा वेळ लागेल."

गृहस्थ मान हलवत गेले. सोजरचा भाता थांबला होता. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

"काय झालं?" गेनूने विचारले.

"काही नाही. तुमचं काम करा," ती म्हणाली, आणि पुन्हा भाता मारू लागली.