निवृत्तीच्या मोटारीचा काटा

घाटाखालच्या एका गावात एक मोटारवाला होता. निवृत्ती त्याचं नाव. मोटार त्याच्या वडिलांच्या वेळची, मागचं दार सुतळीनं बांधलेलं, हॉर्न कधीचाच मुका झालेला. पण गावात चार चाकं म्हणजे तेवढीच. आजारी माणूस असो, नवरी असो, नाहीतर बाजाराला निघालेल्या कोंबड्या असोत, सगळ्यांना घाटावर पोचवणारा निवृत्तीच. मग त्याचा रुबाब काय विचारता! सरपंचालासुद्धा तेवढा नव्हता.

त्या मोटारीला एक खोड होती. पेट्रोल दाखवणारा काटा चालता चालता धाडकन खाली पडायचा. निवृत्ती काचेवर एक टपली मारायचा, की काटा शहाण्यासारखा वर चढायचा. "म्हातारा झालाय, डुलकी लागते त्याला," असं तो म्हणायचा आणि गाडीतली माणसं हसायची. होता होता साऱ्या गावाला ती सवय जडली. पुढच्या सीटवर बसणारा माणूस देवळातली घंटा वाजवावी तशी काचेवर टपली मारूनच बसायचा. पोरं तर टपलीसाठी भांडायची. काटा वर गेला की सगळ्यांच्या जिवाला बरं वाटायचं. टाकीत खरोखर किती आहे, हे मात्र कुणी बघत नव्हतं. बाजाराच्या दिवशी निवृत्ती टाकी भरायचा आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा. निघायचा म्हणून खपून जायचं, दुसरं काय!

तालुक्याच्या मेकॅनिकनं, हुसेनभाईनं, त्याला एकदा हटकलंही होतं. "निवृत्ती, दुपारभर गाडी ठेव माझ्याकडे. तो काटा का पडतो, बघू तरी."

"त्याचं औषध आहे की माझ्याकडे," असं म्हणून निवृत्तीनं टपली मारून दाखवली. काटा चढला. गाडीतली माणसं खदखदून हसली. हुसेनभाई हात पुसत आत निघून गेला.

पुढे निवृत्तीची धाकटी बहीण शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईबाप नव्हते, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे भाऊच. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस गेले होते. सासरच्यांनी तिला सोडताना भावाला पुन्हा पुन्हा बजावलं, "जपा हो तिला."

"दारात मोटार उभी असताना काळजी कसली?" निवृत्ती छाती फुगवून म्हणाला.

येता-जाता तो बहिणीला विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे, दादा." की हा निघाला खेपेला.

नेमका तो आठवडा जत्रेचा होता. खेपांवर खेपा झाल्या. जत्रा पांगली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेवंताला कळा सुरू झाल्या, दिवस भरण्याआधीच. सुईण आली, तिनं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे माझ्या हातातलं नाही. घाटावरच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता." निवृत्तीनं बहिणीला मागच्या सीटवर टेकून बसवलं, सुईण शेजारी बसली आणि मोटार धुरळा उडवत निघाली.

घाट लागण्याआधी एक फाटा आहे. तिथून डावीकडे आत गेलं की पेट्रोलपंप. फाट्यावर खड्ड्यात चाक आपटलं आणि काटा पडला, पार तळाला गेला. निवृत्तीचा पाय ब्रेकवर गेला. वळावं का पंपाकडे?

"दादा, काटा पडलाय की रे," मागून शेवंता कण्हत म्हणाली.

निवृत्तीनं टपली मारली. काटा हलला नाही. त्यानं मूठ आवळून जोरात ठोसा दिला, तेव्हा कुठे चढला. "बघ, आहे पेट्रोल," असं म्हणत त्यानं गाडी सरळ घाटाला घातली. अहो, ठोसा द्यावा लागला, तिथंच माणसाला उमजायला नको? पण हवं ते दिसलं की खाली वाकून कोण बघतंय!

मधल्या वळणावर मोटारीनं आचके दिले आणि ती बंद पडली. काटा मात्र टाकी भरलेली दाखवत होता. निवृत्तीनं टाकीत काठी घालून पाहिली. काठी कोरडीच वर आली. तो रस्त्यावर धावला, ओरडला, हात जोडून उभा राहिला. पण जत्रा संपलेली, रस्ता ओस पडलेला. अखेर एक ट्रक आला तोवर ऊन कलायला लागलं होतं.

बाळ मोटारीतच जन्मलं होतं. मुलगी होती. ती रडलीच नाही.

"दवाखाना गाठला असता तर जगली असती पोर," सुईण म्हणाली. ती कुणाला टोचून बोलली नाही. जे होतं ते तिनं सांगितलं.

पुढे एका दुपारी निवृत्ती मान खाली घालून हुसेनभाईकडे गेला. "टाकी कोरडी होती, हुसेनभाई. मग हा भरलेली कशी दाखवत होता?"

हुसेनभाईनं काट्याच्या मागे हात घातला आणि टाकीकडून येणारी तार उपटून काढली. काटा सरसर चढला आणि भरल्याच्या खुणेवर जाऊन बसला.

"बघ. टाकीशी आता याचा काही संबंध नाही, तरी भरलेली म्हणतोय." त्यानं तार पुन्हा टेकवली. काटा खाली आला. "तार ढिली आहे. टेकलेली असते तेव्हा हा टाकीचं ऐकतो. तू टपली मारलीस की ती सुटते. मग हा वाटेल ते सांगतो."

"म्हणजे पडायचा तेव्हा..."

"तेव्हाच खरं सांगत होता, बाबा."

हुसेनभाईनं एक नट आवळला. तंबाखू मळून होईपर्यंत काम संपलंसुद्धा. निवृत्ती तिथंच जमिनीवर बसला आणि तोंड झाकून हमसाहमशी रडला.

घरी आला तेव्हा शेवंता ओट्यावर बसली होती. तिचा पदर दुधानं भिजलेला होता. सवयीनं त्याच्या तोंडी आलंच होतं, "बरी आहेस ना?" पण तो थबकला. हीसुद्धा टपलीच की! इतके दिवस आपण बहिणीलाही टपल्याच मारत आलो. तो खाली बसला.

"शेवंता, कशी आहेस?"

"बरी आहे, दादा."

तो उठला नाही. ओट्यावरचं ऊन सरकलं तरी तो बसून राहिला.

"नाही रे दादा," अखेर ती म्हणाली. "छाती ठणकते. डोळा लागत नाही. आणि ती मोटार दारात दिसली की माझा श्वास कोंडतो. मला सासरी पाठव. तिच्यातून नको नेऊस."

निवृत्तीनं ते सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानंही तिला थोपवलं नाही. सकाळी तिला एसटीनं सासरी पोचवून आला. गावातलं एखादं माणूस अजूनही त्या काचेवर टपली मारतं. काटा आता जागचा हलत नाही, आणि त्या मोटारीत आता कुणी हसतही नाही.

तात्पर्य: मनासारखं उत्तर मिळेपर्यंत जो टपल्या मारत राहतो, त्याला खरं कळतं, पण कळतं तेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसतो.