खुळखुळणारं झुडूप

माणसांच्या शाळा निघाल्या त्याच्याही आधी रानात टिटवीबाईंची शाळा भरत असे. स्नेहसंमेलनात मोरांच्या नाचामागे साळू नावाची साळिंदराची पोर झुडूप होऊन उभी होती. घाबरली की तिचे काटे खुळखुळत, आणि बाईंनी बजावलं होतं, “आवाज नको हं.” त्यामुळे ती जास्तच घाबरली होती.

नाच रंगात आला आणि ठेका धरणाऱ्या सुतारपक्ष्याची चोच खोडात रुतली. मोर थबकले. त्या शांततेत झुडूप खुळखुळू लागलं. साळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तसे काटे आणखी जोरात वाजले. धाकट्या मोरानं त्या तालावर पाऊल टाकलं, मग सगळ्यांनीच टाकलं.

पुढच्या वर्षी बाईंनी साळूला सर्वांत पुढे बसवलं.

“भीती वाटतेय ना?”

“फार वाटतेय, बाई.”

“मग करूया सुरुवात.”