मागच्या सीटचा होकार

“…मग महाराज, प्रवचनाला बसायची परवानगी आहे ना मला?”

मागून उत्तर आलं नाही.

हेरंबला त्याची सवय होती. खुशालगीर महाराज मुळातच कमी बोलत. वणीजवळच्या त्यांच्या मठात तर ठरूनच गेलं होतं, महाराज नको म्हणाले तर नको, आणि गप्प राहिले तर हो. नव्या माणसाला जुने शिष्य पहिल्या दिवशी हेच शिकवत.

पण ही गोष्ट मठातली नाही, बाली बेटावरची आहे. एका भक्तानं महाराजांना तिकडे पाहुणे म्हणून नेलं होतं, आणि सेवेला हेरंब गेला होता. त्यानं एक मोटारसायकल भाड्यानं घेतली आणि सत्तरी ओलांडलेल्या महाराजांना हेल्मेट घालून मागं बसवलं.

“चला, बेट दाखवतो तुम्हाला,” म्हणाला.

बेट कसलं दाखवतोय! त्याला महाराज एकटे गाठायचे होते. गावी परतल्या परतल्या त्याचं पहिलं प्रवचन ठरलं होतं. मंडप सांगून झाला होता, सोयऱ्याधायऱ्यांना आवतणं गेली होती. राहिली होती फक्त परवानगी. आधी मंडप घालायचा आणि मग मुलीला विचारायचं, अशातली गत.

रस्ता डोंगराचा. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला दरी. हेरंब बोलत होता आणि महाराज खाचरं बघत होते.

एका चढावर दरड येऊन रस्ताभर खडी पसरली होती. गाडी दोघांना ओढेना.

“महाराज, जरा उतरता का? मी गाडी वर काढतो.”

महाराज उतरले. हेरंबनं पहिल्या गिअरमध्ये गाडी कशीबशी खडीतून काढली आणि वर चांगल्या रस्त्यावर उभी केली. आता मागं वळून बघावं की नाही माणसानं? पण डोक्यात पुढचं वाक्य तयार होतं. समोर बघतच त्यानं विचारलं, “बसलात ना, महाराज?”

उत्तर नाही. म्हणजे बसले.

महाराजांची वळकटी मागं बांधलेली होती, ती खडीतल्या हिसक्यांनी पुढं सरकून त्याच्या पाठीला लागत होती. निघाला पठ्ठ्या.

आणि काय बोलला म्हणून सांगू त्या घाटात! अहंकार कसा सोडावा, गुरूशी एकरूप कसं व्हावं, सगळं सांगितलं. मध्येच विचारी, “बरोबर ना, महाराज?” मागं शांतता. त्याला आणखी जोर चढे. सबंध घाटात महाराजांनी एकदाही नको म्हटलं नव्हतं.

डोंगरमाथ्यावर तळं दिसू लागलं, तेव्हा त्यानं परवानगीचं विचारलं. महाराज गप्प. हेरंबनं गाडीचा वेग कमी केला.

“कृपा झाली, महाराज.”

पाया पडायला तो गाडी थांबवून उतरला.

सीटवर वळकटी होती.

म्हातारा माणूस, परका मुलूख, तिथली भाषा येत नाही, शेजारी दरी… गाडी वळवून तो देवाचा धावा करत सुटला.

खडीच्या खालच्या अंगाला शहाळ्यांची एक टपरी होती. महाराज तिथं बाकावर बसले होते. टपरीवाल्या बाईला मराठी येत नव्हतं आणि महाराजांना तिची भाषा येत नव्हती. ती माडाच्या पातीची इवलीशी परडी विणत होती. तिथले लोक रोज अशा परडीत देवाला फुलं ठेवतात. महाराजांच्या हातातही एक अर्धवट विणलेली परडी होती, आणि त्यांचं चुकलं की बाई खदखदून हसत होती.

हेरंबनं रस्त्यातच लोटांगण घातलं.

“महाराज, मेलो मी! तुम्हाला टाकून गेलो… मला कळलंच नाही!”

“ऊठ. खडी टोचेल.”

“तुम्ही हाक का नाही मारलीत?”

“मारली की. तू बोलत होतास.”

हेरंब रडला. चांगला हुंदके देऊन रडला. बाईनं न सांगता त्याच्यापुढं शहाळं ठेवलं. त्यानं नाक पुसलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

“महाराज, वर गेल्यावर मी तुम्हाला प्रवचनाची परवानगी मागितली. तुम्ही गप्प… म्हणजे, मागं सगळं गप्प होतं. मी तो होकार धरला.”

महाराज पात विणत राहिले.

हेरंब त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आता या गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा? इतकी वर्षं मठात काढली, पण आज त्याला काही सांगता येईना.

“महाराज… आज तोंडानं सांगा. मंडप मोडू, की प्रवचनाला बसू?”

महाराजांनी परडी बाकावर ठेवली. उठले. गाडीजवळ जाऊन दोरीची गाठ सोडली आणि वळकटी काखेत घेतली.

रिकाम्या सीटवर त्यांनी हात ठेवला.

“मला काय विचारतोस, हेरंबा? ज्यानं हो म्हटलं, त्याला विचार.”