करडीची फेरी

"मग आता पुढचं काय, अक्का?"

शाल्मलीने विचारलं खरं. पण त्या विचारण्यात शाबासकीची वाट पाहणंच जास्त होतं.

टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरी कधीच मागे पडलेली. मठात त्या आणि करडी नावाची कुत्री, दोघीच.

"पुढचं म्हणजे?"

"महिना झाला की. माझी रेवा हल्ली गप्प गप्प असते, मला काही सांगत नाही, जीव टांगणीला लागलाय, असं मी म्हटलं होतं. तुम्ही नाम दिलंत, आणि रोज सकाळी करडीला फिरवायची सेवा दिलीत. दोन्ही बसलं आता. विहिरीपर्यंत जाताना एक माळ, येताना दुसरी. उजवा हात गोमुखीत, डाव्या हातात दोरी. मणी चुकत नाही."

"आणि करडी?"

"तीही सुधारली. आधी फार थांबायची हो. दर झाडाशी नाक, दर दगडाशी नाक. माझी माळ तुटायची. आता कशी सरळ चालते!"

अक्कांनी एक शेंग फोडली. दाणे खवट निघाले. त्यांनी ते बाजूला ठेवले.

शाल्मली थांबली. मुलं वाढवण्यावरची सहा पुस्तकं तिने खुणा करकरून वाचली होती. चार वर्षांच्या रेवाचं वेळापत्रक फ्रिजवर तीन रंगांत लावलं होतं. तरी आपलं कुठेतरी चुकतंय ही टोचणी जात नव्हती. निदान कुत्र्याला तरी नीट वळण लावून दाखवलं, एवढं कुणीतरी म्हणावं...

अक्का उठल्या. पदराला हात पुसले.

"चल. आज दोरी मी धरते. तू नुसती माळ कर."

वस्तीतल्या कोंबड्यांमागे धावते म्हणून करडीला दोरी. अक्कांनी ती सैल धरली, इतकी की मधला भाग धुळीत लोळत होता. तिघी निघाल्या. शाल्मलीचे मणी सरकू लागले.

वाटेत एक जुना करंज होता. त्याच्या बुंध्याशी गावातली सगळी कुत्री येऊन जायची.

करंज चार पावलांवर आला, आणि करडीने मान खाली घातली. कान मागे घेतले. अंग चोरून, बुंध्याकडे न बघता ती झपझप पुढे निघाली.

अक्का थांबल्या.

करडीही थांबली. वळून तिने अक्कांच्या हाताकडे पाहिलं नाही. शाल्मलीच्या हाताकडे पाहिलं.

"मी तर ओढलं नाही," अक्का म्हणाल्या.

शाल्मलीने धुळीत लोळणाऱ्या दोरीकडे पाहिलं.

"तू ओढलंस?"

"नाही... म्हणजे, आत्ता नाही."

गोमुखीतला हात थांबला होता. कितवा मणी, तिला सांगता आलं नसतं.

रेवाच्या बालवाडीच्या वाटेवर एक भिंत होती. भिंतीवरून मुंग्यांची रांग जायची. रेवा तिथे उकिडवी बसायची. "आई, ही बघ, ही केवढं मोठं नेतेय! आई, हिला दमायला होत नसेल?" आणि शाल्मली तिचा हात धरून उचलायची. चल, चल, उशीर होतोय.

गेल्या आठवड्यात भिंत आली, तशी रेवाने आपणहून मान खाली घातली. "उशीर होतोय ना," म्हणाली, आणि चालू लागली.

शाल्मलीने त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला होता. किती शहाणी झालीय गं, आता सांगावं लागत नाही!

तिला तो आपला आवाज ऐकू आला. कानशिलं तापली. अक्कांकडे बघवेना, करडीकडे तर त्याहून नाही. तिने गोमुखी गळ्यातून काढली आणि कमरेला खोचली, जणू काही चोरलेलं लपवावं तशी.

"अक्का... दोरी माझ्याकडे द्याल?"

अक्कांनी दिली. आणि खुशाल करंजाच्या मुळीवर बसल्या.

शाल्मली करडीपाशी वाकली. "हुंग ना, करडे. हुंग बाई. मी नाही ओढणार." करडी हलली नाही. शाल्मलीने तिचं तोंड हळूच बुंध्याकडे वळवलं. करडीने डोळे मिटून घेतले.

अक्का खोकल्यासारखं काहीतरी हसल्या. "कोंबतेस कशाला? औषध आहे का ते?"

शाल्मली लाजून मागे सरकली. उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. खाली वस्तीत कुणीतरी नळावर हंडा आपटला. एक सायकल गेली. मग करडीने एक पाय पुढे टाकला. शाल्मलीकडे पाहिलं. दुसरा पाय टाकला. नाकपुड्या थरथरल्या.

नाक बुंध्याला लागलं.

शाल्मलीचे डोळे भरून आले. पण तासाभराचं सांगून रेवाला सासूबाईंपाशी ठेवलं होतं. दहाची बालवाडी. डबा भरायचा होता. करडी एकाच जागी हुंगत होती, पुन्हा पुन्हा, काही संपायचं नाव नाही...

दोरी सैल, धुळीत लोळत होती. शाल्मलीचा हात जागचा हलला नव्हता. तिने अगदी हळू, करडीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"अक्का, असं साधारण किती वेळ थांबायचं?"

करडीने मान वर केली.

अक्का म्हणाल्या, "ओढलंस बघ."