शिकऱ्याचा धनी आणि ओंजळीचा जोंधळा

फार पूर्वी, जेव्हा घरात जोंधळा असला म्हणजे माणूस स्वतःला श्रीमंत समजत असे, तेव्हा एका गावात एक म्हातारा विचारवंत राहत होता. लोक त्याला जुनेबुवा म्हणत. गावात कोणी काही मोडायला निघाले की हा हजर. म्हणायचा, "मोडा की. पण ज्यानं हे बांधलं त्याच्या मनात काय होतं, ते आधी शोधा. सापडलं नाही, तर आणखी थोडं शोधा."

ऐकायला बरे वाटे. पण बुवांच्या डाव्या मनगटावर नेहमी एक शिकरा बसलेला असे. शिकरा म्हणजे पारव्याएवढा, लाल डोळ्यांचा शिकारी पक्षी. बुवांनी तो पिल्लू असल्यापासून शिकवून तयार केला होता. रोज सकाळी ते त्याला घेऊन रानात जात आणि लावे, तितर मारून आणत. म्हातारपणी माणसाने जप करावा, तर हे पाखरांच्या मागे. गावाला ते पटत नसे.

सगळ्यांत जास्त पटत नसे पाटलीणबाईंना. नवऱ्यामागे गावाचा कारभार त्याच बघत. त्यांनी पाय मोडलेला एक तितर हळदीचा लेप लावून जगवला होता. तो अंगणभर लंगडत फिरे आणि भाकरी थापताना त्यांच्या मांडीशी येऊन बसे. एके दिवशी बुवांचा शिकरा अंगणात उतरला आणि बाईंच्या डोळ्यांदेखत त्याला घेऊन गेला.

बुवा धावत आले, पण उशीर झाला होता. म्हणाले, "पाखराची जात आहे, बाई. त्याला तुमचं-आमचं कळत नाही."

"त्याला नाही कळत," बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतं ना?"

बुवा शिकऱ्याला मनगटावर घेऊन निघून गेले. त्या दिवसापासून बाईंनी त्यांच्याशी बोलणे टाकले. तितरासाठी त्या पुष्कळ रडल्या, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

आता या गावात एक चाल होती. पेरणीआधी प्रत्येक घरचा कर्ता माणूस घरोघरी जाई आणि दारात ओंजळ पसरे. त्या घरच्यांनी आपल्या बियाण्यातला जोंधळा त्याच्या ओंजळीत घालायचा. भांडण असले तरी नाही म्हणायचे नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या बियाण्यात सगळ्या गावाचे बियाणे मिसळे. शिवार मात्र दिसायला अगदी वेडेविद्रे. जोंधळ्याचे एक ताट उंच, दुसरे बुटके. एक कणीस गच्च, तर शेजारचे केरसुणीसारखे मोकळे.

बाईंचा पुतण्या चार गावे हिंडून आला होता. येताना त्याने नवे बियाणे आणले. मोत्यासारखा पांढरा दाणा, मुठीएवढे गच्च कणीस. पोरगा मनाने चांगला होता, गावाचे भलेच चिंतत होता. त्याने चावडीवर सभा बोलावली आणि म्हणाला, "यंदा सगळ्यांनी हेच पेरायचं. आणि ती ओंजळीची चाल बंद. चांगल्या बियाण्यात भेसळ कशाला करायची?"

जुनेबुवा उठले. "चाल मोडू नका. इतकी वर्षं पूर्वजांनी बी मिसळलं, त्यामागे काही कारण असेल."

"काय कारण?" पुतण्याने विचारले.

"ते मला ठाऊक नाही," बुवा म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, थांबा."

झाले. सभा उसळली. "पाखरं मारणारा आम्हाला पीक शिकवणार?" "आधी तो शिकरा सोडून द्या, मग बोला." "लंगड्या तितराला सोडलं नाही यानं!" शिकरा मनगटावर पंख फडफडवत होता आणि बुवा त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते.

मग सगळे पाटलीणबाईंकडे पाहू लागले. त्यांनी नुसते तोंड फिरवले असते, तरी बुवांचा निकाल लागला असता. बाईंच्या मनात ते आले नाही असे नाही. रिकामे अंगण त्यांना रोज दिसत होते. पण वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न होता, आणि लहान पोरे त्यांच्याही घरात होती.

बाई देवळाच्या गुरवाकडे वळल्या. गुरव साधा माणूस, मुंगीला वाट देऊन चालणारा. त्याच्यावर गावाचा भारी जीव. बाई म्हणाल्या, "गुरवबाबा, बुवा आत्ता जे बोलले ना, ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. ना कमी, ना जास्ती."

गुरवाने सांगितले. पूर्वजांनी बी मिसळले त्यामागे काही कारण असेल, ते कळेपर्यंत चाल मोडू नये. कोणी ओरडले नाही. दोन-चार माना तर डोलल्याही.

"आता का डोलताय?" बाईंनी विचारले. "शब्द तर तेच आहेत. मघाशी शिकरा दिसत होता म्हणून कान बंद, आणि आता गुरवबाबा दिसतात म्हणून मान हलते. जोंधळ्याबद्दल कोण बोलणार?"

तेव्हा कुठे एक शेतकरी डोके खाजवत म्हणाला, "पण बाई, गच्च कणसात दाणा जास्त भरतो, हे खरं आहे."

दुसरा म्हणाला, "खरं आहे. पण सगळ्यांचं पीक एकसारखं झालं, तर आजारीही एकदमच पडेल."

असे बराच वेळ चालले. शेवटी बाई म्हणाल्या, "दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. प्रत्येकानं निम्म्या रानात नवं पेरा, निम्म्यात ओंजळीचं." पुतण्या हिरमुसला. "काकी, तुम्ही त्या माणसाची बाजू घेतली?"

"त्याची नाही रे," बाई म्हणाल्या. "माझी घेतली असती, तर त्याला गावाबाहेर काढला असता."

पीक जोमात आले. नव्या बियाण्याचे रान तर बघत राहावे असे. पण दसरा होऊन गेला तरी पाऊस हटेना. गच्च कणसांत पाणी मुरले, वारा काही आत शिरेना, आणि मोत्यासारखे दाणे बुरशीने काळे पडले. ओंजळीच्या रानातली गच्च कणसेही गेली. पण मोकळी कणसे वाऱ्याने वाळली आणि तरली. त्या वर्षी गावाने जपून खाल्ले, पण कोणाची चूल थंड राहिली नाही.

आणि आता गाव दुसऱ्या टोकाला गेले. बुवांना हार घातले. तरणी पोरे शिकरे पकडायला झाडांवर चढू लागली. एकजण चावडीवर म्हणाला, "बुवांचं जोंधळ्याचं खरं निघालं, तर शिकारीतही काही शहाणपण असणारच."

पाटलीणबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "जोंधळ्याचं त्यांचं खरं होतं. माझ्या तितराचं नव्हतं."

बुवांनी गळ्यातला हार काढून खाली ठेवला.

पुढच्या पेरणीआधी ओंजळीचा दिवस आला. बुवा पाटलीणबाईंच्या दारात येऊन उभे राहिले. मनगट रिकामे होते. ओंजळीला दोन्ही हात लागतात, त्यामुळे शिकरा घरी ठेवूनच यावे लागे.

"उद्या न्याल त्याला रानात?" बाईंनी विचारले. कितीतरी दिवसांनी त्या बुवांशी बोलत होत्या.

"नेईन," बुवा खाली बघत म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण तुमच्या घराच्या बाजूला आता कधीच नाही. त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं. चुकलो मी, बाई."

"तुमची शिकार मला कधी पटायची नाही."

"ठाऊक आहे."

बाई आत गेल्या, सूप घेऊन आल्या आणि बुवांची ओंजळ काठोकाठ भरली. थोडे दाणे अंगणात सांडले. ते त्यांनी उचलले नाहीत, पाखरांसाठी तसेच राहू दिले.

तात्पर्य: माणूस आवडत नाही म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, आणि म्हणणे खरे निघाले म्हणून त्याचे सगळेच वागणे बरोबर ठरत नाही. ज्याचा त्याचा निवाडा वेगळा करावा.