अंबादासचा मोर आजारी पडला

पैठण्या विणणाऱ्या एका गावात अंबादास नावाचा विणकर राहत होता. त्याच्या हाताला विलक्षण सफाई होती. त्याने विणलेला मोर आता पदरावरून उडतो की काय, असं बघणाऱ्याला वाटायचं. त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेत ग्रामदेवीला नेसवायची पैठणी विणण्याचा मान त्याला मिळाला. हा मान गावात फार मोठा. अंबादासच्या वडिलांनी जन्मभर त्याची वाट पाहिली आणि वाट पाहतच ते गेले. म्हणून अंबादासने मनाशी ठरवलं, की आता मागावरून उठायचं ते फक्त झोपायला.

ठरवलं तसा तो वागलाही. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून तो घोटभरावर भागवायचा. भाजी-भाकरीला ताटावर बसावं लागतं, म्हणून चहात बुडवलेली खारी आणि मूठभर शेव यांवर दुपार काढायचा. सकाळी पोटाने हाक दिली, तरी 'काठावरच्या वेलीचं एवढं पान पुरं होऊ दे' म्हणत बसून राहायचा. पान पुरं व्हायचं, तोवर हाक विरून जायची.

होता होता पोटाने हाक मारणंच सोडलं.

मग परसाकडे जाऊन कुंथत बसणं आलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तोंडाची चव गेली, डोकं जड झालं, घरात विनाकारण खेकसणं सुरू झालं. त्याची बायको कौसल्या म्हणाली, "अहो, पोटात काही धड जात नाही, मग धड बाहेर कसं येईल? वैद्यांकडे तरी जाऊन या."

"जत्रा झाली की जातो," अंबादास म्हणाला. "तोवर पुडी आहे."

बाजारात जुलाबाची पुडी मिळायची. झोपताना घेतली की सकाळी पोट मोकळं. आधी अर्ध्या पुडीवर काम भागायचं, मग आख्खी लागू लागली. एकदा तिनेही काही होईना, तेव्हा त्याने वैतागून दोन पुड्या एकदम तोंडात टाकल्या.

दुसरा दिवस त्याने पोटावर हात दाबून काढला. मुरड्याने जीव अर्धा झाला. तरी उन्हं कलल्यावर तो हट्टाने मागावर जाऊन बसला. पदरावरच्या मोठ्या मोराची मान विणायची होती. हात थरथरत होता. तो विणत राहिला.

सकाळी कौसल्येने केर काढताना पदराकडे पाहिलं आणि केरसुणी बाजूला ठेवली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा मोर आजारी दिसतोय."

अंबादासने वाकून पाहिलं. मान एका बाजूला कलली होती, चोच छातीत रुतली होती. सगळं उसवावं लागणार होतं. न उठता, न जेवता, न पिता त्याने जो वेळ वाचवला होता, तो सगळा त्या वाकड्या मानेत गेला होता. तो मागापासून दूर झाला. मग पायात वहाणा घालून वैद्यांच्या घरी गेला.

नारोपंत वैद्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, उलट्या होतात का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. मग त्यांनी त्याचं खाणंपिणं विचारलं, आणि अंबादासने खाली मान घालून सांगितलं.

"पुडी मागू नकोस, देणार नाही," नारोपंत म्हणाले. "पाणी पीत जा. पीठ चाळू नकोस, कोंड्यासकट भाकरी खा. पालेभाजी, उसळ, पेरू, पपई, जे हंगामात असेल ते खा. पण एकदम वाढवू नकोस, पोट फुगेल. हळूहळू वाढव. सकाळी चालून ये. आणि हाक आली की उठायचं, हातात काहीही असो."

"आणि देवीची पैठणी?"

"देवीने वाकड्या मानेचा मोर मागितलेला नाही," नारोपंत म्हणाले. "आणि हे बघ, रक्त दिसलं किंवा दुखणं वाढलं, तर जत्रेची वाट बघत बसू नकोस. तडक ये."

घरी येऊन अंबादासने उरलेल्या पुड्या चुलीत टाकल्या. मग कंबर कसली. मागाशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. उजाडताच नदीपर्यंत चालून यायचं, आल्यावर कोमट पाणी प्यायचं आणि काही होवो न होवो, थोडा वेळ परसाकडे बसून यायचं, असं त्याने ठरवलं. दुपारी तो ताटावर बसू लागला. ज्वारीची भाकरी, मेथीची नाहीतर अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, वर ताक.

सुरुवातीला काहीच झालं नाही. पोट गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं. सकाळी तो परसाकडून तसाच परत यायचा. पुडी घेतली असती तर एव्हाना मोकळा झालो असतो, हे त्याच्या मनात रोज यायचं. जत्रा जवळ येत होती. एकदा बाजारातून जाताना त्याची पावलं पुडीवाल्यासमोर थबकलीसुद्धा. पण त्याला कललेली मान आठवली. तो पुढे गेला आणि पेरू घेऊन घरी आला.

मग एके सकाळी तो उसवलेला मोर नव्याने विणत होता. मानेचा बाक जुळत आला होता. हात असा लागला होता, की निळा धागा आपोआप जागेवर बसत होता. नेमकी तेव्हा पोटाने हाक दिली, क्षीण, पण ओळखीची.

अंबादासचा हात थांबला. असा हात लागणं रोज होत नाही, हे विणकराला कळतं. आता उठलो तर हा बाक पुन्हा जुळेल का, असं त्याला वाटलं. एवढी मान होऊ दे, असं ओठांवर आलं. ते त्याने गिळलं, धागा खाली ठेवला आणि उठला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा हलका झाला होता. कौसल्या त्याच्याकडे पाहून हसली. तो मागावर बसला. बाक लगेच जुळला नाही. दोनदा धागे सोडवावे लागले, मग जुळला.

त्या दिवसापासून पोट हळूहळू ताळ्यावर आलं. मधूनच एखादा दिवस कोरडा जायचा, पण अंबादास डगमगला नाही. चालणं, पाणी, भाजी त्याने सोडली नाही. चिडचिड गेली, डोकं निवळलं, विणकाम उसवण्याची वेळ क्वचित आली. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पैठणी मागावरून उतरली.

देवीला ती नेसवली तेव्हा सारा गाव मोराकडे बघत राहिला. गर्दीतून सोपान विणकर अंबादासच्या जवळ आला. तोही मागावर ठाण मांडून बसणारा, त्याचीही तीच रड. कानाशी लागून त्याने विचारलं, "कोणतं औषध घेतलंस, सांग की."

"उद्या उजाडता माझ्याबरोबर नदीपर्यंत चल," अंबादास म्हणाला. "चालता चालता सांगतो."

"उद्या? अरे, माग सोडून कसा येऊ? वेळ कुठे आहे?"

अंबादासने त्याच्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोपानराव," तो म्हणाला, "औषधाची सुरुवात तिथूनच आहे."

तात्पर्य: पोटाची हाक दाबून कामाचा वेळ वाचत नाही. साधं सकस अन्न, भरपूर पाणी, रोजचं चालणं आणि वेळेवर उठणं, हे निश्चयाने सांभाळणाऱ्याला झटपट पुडीची गरज सहसा पडत नाही.